कमळू धर्मा, अ.पा.क. पोशा

हिराजीकाकानं नितेशच्या हाताची दोन बोटं तोडली, त्या दुपारी मी पडवीत बसून चिंबोऱ्यांच्या नांग्या फोडत होते. आईनं वाटणासाठी खोबरं भाजायला घेतलं होतं. उघाडीकडून आरडाओरडा ऐकू आला, पण आम्ही दोघी लगेच उठलो नाही. आमच्या आळीत आरडाओरड्याला कुणी उठत नसे. मग ओरडणं बदललं. माणूस रागानं ओरडतो आणि दुखून ओरडतो यातला फरक आमच्या घरातल्या बायकांना कामात असतानाही कळायचा. आईनं तवा खाली उतरवला आणि आम्ही धावलो.

रेवदंड्याच्या खाडीच्या आतल्या अंगाला आमचं गाव. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून खाडीच्या कडेनं मातीचा बांध घातलेला, आणि शेतातलं पावसाचं पाणी बाहेर सोडायला त्या बांधात लाकडी दार बसवलेलं. त्या दाराला उघाडी म्हणतात. ओहोटीला उघाडीच्या तोंडाशी जाळं लावलं की कोलंबी, बोयटी, कधी एखादा जिताडा आयता येऊन पडतो. ते जाळं कुणी लावायचं यावरून आमचं घर आणि शेजारचं पोशाचं घर तीन पिढ्या भांडत होतं. त्या दिवशी पोशाच्या पणतवानं, म्हणजे नितेशनं, जाळं लावलं होतं. काका नंतर पोलिसांना म्हणाला की तो फक्त रस्सी कापत होता. रस्सीवर हात होता हे त्याला दिसत होतं, कारण ती भर दुपार होती.

आम्ही पोचलो तेव्हा नितेश चिखलात बसला होता आणि डाव्या हातानं उजव्या हाताची मूठ दाबून धरायचा प्रयत्न करत होता, पण तिथं धरायला पूर्ण मूठ नव्हती. त्याचे वडील जनार्दनकाका बनियनवर होते, गुडघाभर चिखलात वाकून दोन्ही हातांनी चाचपत होते. मला वाटलं कोयता शोधतायत. ते बोटं शोधत होते. आमचा काका बांधावर उभा राहून कोयत्याचं पातं लुंगीला पुसत म्हणाला, "आता लाव जाला." माझे बाबा मागून आले. त्यांनी सगळं पाहिलं आणि मला म्हणाले, "वैशे, घरी जा. कालवण करा." आम्ही कालवण केलं. संध्याकाळी पोलीस काकाला घेऊन गेले, आणि बाबांनी चिंबोऱ्या खाल्ल्या. नांग्या चोखण्याचा त्यांचा आवाज मला अजून ऐकू येतो.

ही गोष्ट का घडली हे सांगायचं तर आमच्या घरात प्रत्येक मुलाला पाठ असलेली दुसरी गोष्ट सांगावी लागेल. माझ्या आजोबांचं नाव कमळू. कमळूच्या वडिलांचं नाव धर्मा. या धर्माला शेजारच्या पोशानं उघाडीवर कोयत्यानं मारलं, पुरावा नव्हता म्हणून पोशा सुटला, आणि कमळू पोरका झाला. आजोबा ही गोष्ट सांगायचे तेव्हा कोयता कसा आला ते हातानं दाखवायचे. मी दहा वर्षांची असताना ते गेले, पण त्यांचा तो वरून खाली येणारा हात मला आठवतो. बाबा आणि काका लहान होते तेव्हा म्हातारा पोशा जिवंत होता. तो बांधावरून जाताना दोघे भाऊ त्याला दगड मारायचे, आणि हे ते मोठेपणीही पराक्रम म्हणून सांगायचे.

आमच्या घरातला राग हा धर्माचा वारसा मानला जाई. बाबा आईला मारायचे. भाकरी जाड झाली, सुकटीत वाळू लागली, रात्याचा भात मऊ झाला, काहीही पुरायचं. राता म्हणजे आमच्या खारीतला लाल तांदूळ, तो शिजायला आपल्या मनाचा असतो, आणि त्याच्या मनाचा हिशेब आईच्या पाठीवर व्हायचा. आधी ताट सरकल्याचा आवाज, मग पाट, मग आईच्या बांगड्या. ती ओरडायची नाही, त्यामुळे बांगड्यांवरूनच मार किती चालला ते मोजावं लागे. मी स्वतःला यातून वगळत नाही. सातवीत मी एका मुलीचं डोकं फळ्यावर आपटलं होतं. बाबांना शाळेत बोलावलं, तेव्हा ते बाईंसमोर हसून म्हणाले, "धर्माचं रगत हाय." मला तेव्हा अभिमान वाटला होता. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटला होता.

काकाला जामीन मिळाल्यावर वकिलांनी बाबांना जुने कागद आणायला सांगितलं. उघाडीलगतचं शेत पिढ्यान्‌पिढ्या आपलंच आहे, पोशाच्या घरचा त्याच्याशी काही संबंध नाही असं दाखवता आलं, तर हिराजी आपली जागा राखत होता असं म्हणता येईल. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा अलिबागला कॉलेजात जात होते आणि घरात मोबाईल नीट वापरता येणारी मी एकटीच. "त्याच्यावर काय काय काढत असतेस," ते म्हणाले, "हे काढ."

आता माझ्याकडे लोक घराण्याचे कागद शोधून द्या म्हणून येतात, आणि मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगते की सोपं काही नाही. त्या वेळी मला कुणी सांगितलं नव्हतं. सरकारनं जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवले होते. पानं उलटी, काही आडवी, काहींवर वाळवीनं नक्षी काढलेली. पहिले दोन दिवस मी आमच्या जमिनीचा आजचा नंबर घालून शोधत राहिले आणि प्रत्येक वेळी कुणा भलत्याचंच शेत समोर येई. तिसऱ्या दिवशी कळलं की आजचा गट नंबर वेगळा आणि जुना सर्व्हे नंबर वेगळा, दोघांची जुळणी आधी करावी लागते. जुळणी केली. पान उघडायला इतका वेळ लागला की आई दरम्यान जवळा निवडून मोकळी झाली. मग पडद्यावर वरून हळूहळू उतरत गेलं ते आजोबांचं नाव. कमळू धर्मा. त्याच्यापुढे, त्याच शाईत, अ.पा.क. पोशा हाल्या.

पोशाचं नाव आमच्या शेताच्या कागदावर. मी पटकन फोन पालथा घातला. मला वाटलं वकिलांची भीती खरी ठरली, पोशानं खून करून वर जमिनीतही नाव घुसवलं. बाबांना दाखवलं असतं तर ते त्याच पावली उठून शेजारी गेले असते. म्हणून मी आधी त्या तीन अक्षरांचा अर्थ विचारायचं ठरवलं.

रेवदंड्याला मासळी वाळवतात त्या मैदानाच्या मागे एक निवृत्त तलाठी राहायचे. सगळे त्यांना आण्णा म्हणत. ओटीवर खुर्ची टाकून बसायचे आणि समोर बांबूंच्या वलांडीवर वाळत टाकलेल्या बोंबलांवर कावळा बसला की जागेवरूनच टाळी वाजवायचे. त्यांनी माझा फोन डोळ्याजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"हा पोशा तुमचा कोण?"

"शेजारी. आमच्या पणज्याचा खून केला त्यानं."

"असं कोण म्हणतं?"

"आजोबा सांगायचे. कमळू. हेच ते."

आण्णांनी फोन मला परत दिला. "अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. खातेदार लहान मूल असेल तर त्याचा सांभाळ करणाऱ्याचं नाव असं लावतात. बाळ, तुझ्या आजोबांना या माणसानं वाढवलंय."

मी म्हटलं की चूक झाली असेल. ते म्हणाले, असेल. कागदातही चुका असतात, पण एकटा कागद चुकतो तेव्हा शेजारचा कागद त्याला उघडा पाडतो. त्यांनी मला बसवलं आणि शोधायचं कसं ते सांगितलं. नाव शेवटी वाचायचं, आधी शेऱ्याचा रकाना वाचायचा. शेऱ्यात फेरफाराचा नंबर असतो, तो मागवायचा, आणि त्या फेरफारात त्याच्या आधीचा नंबर असतो, मग तो. माणूस मेल्याशिवाय किंवा गेल्याशिवाय जमिनीवरचं नाव हलत नाही, तेव्हा नाव जिथं हललं तिथं काय घडलं ते विचारायचं. गावात कोण जन्मलं आणि कोण कशानं मेलं हे पूर्वी कोतवाल आपल्या वहीत लिहायचा. त्या वह्या तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतील, मोडी असेल तर माझ्याकडे आण. "आणि एक," मी उठताना ते म्हणाले, "जे हवंय ते शोधायला जाऊ नकोस. जे दिसेल ते लिहून आण."

अभिलेख कक्षात मी सात-आठ खेपा घातल्या. अर्ज लिहायचा, त्यावर तिकीट लावायचं, नंबर चुकला तर पुन्हा लिहायचा. तिथल्या कारकून बाई आधी वैतागायच्या, मग एके दिवशी त्यांनी मला आत घेतलं आणि लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे कसे सोडायचे ते दाखवलं. पान कोपऱ्यानं उचलायचं नाही, खालून तळहात घालायचा. मला ते काम आवडायला लागलं होतं, हे कबूल करायला हवं. घरी ताटं सरकत होती, काका दिवसभर ओटीवर बसून कोयत्याला धार लावत होता, आणि मी पंख्याखाली शंभरेक मेलेल्या माणसांची नावं वाचत निवांत बसलेली असे.

फेरफार सापडला. शब्द मला पाठ आहेत. खातेदार धर्मा यास बायकोचे खुनाचे गुन्ह्यात जन्मठेपेची शिक्षा झाली, मुलगा कमळू अज्ञान, जवळचे भाऊबंद सांभाळ करणेस तयार नाहीत, सबब शेजारी पोशा हाल्या याने अर्ज केला, मुलाचा मामा राघो याची संमती आहे. खाली राघोचा अंगठा, आणि त्याचं गाव, पालीच्या पलीकडचं. मी ते पान तीनदा वाचलं. बाईंनी विचारलं, "सापडलं का?" मी मान हलवली. मग मी त्याच महिन्याची कोतवालाची वही मागितली. ती मोडीत होती. तिचे फोटो घेऊन मी आण्णांकडे गेले. त्यांनी भिंग लावून वाचलं, थांबून थांबून. बायजा, नवरा धर्मा, वय अजमासे बावीस, कोयत्याचे घाव अकरा. आणि चार दिवसांनंतरच्या ओळीत, मुलगी, बाप धर्मा, वय एक महिना, नाव ठेवले नाही, अशक्तपणाने. समोर बोंबलांवर कावळे बसले होते, त्यांनी टाळी वाजवली नाही.

आणखी एक फेरफार होता. कमळू सज्ञान झाल्यावरचा. पोशानं स्वतः अर्ज देऊन आपलं नाव कमी करून घेतलं होतं. शेत जसंच्या तसं मुलाच्या नावावर. एका ओळीची नोंद.

मी हे घरी जेवणाच्या वेळी सांगितलं, ही माझी चूक. आजही मला वाटतं की बाबांना एकट्याला गाठायला हवं होतं. पण मी वीस वर्षांची होते, आणि हातात शिक्का मारलेली नक्कल होती, आणि मला वाटलं शिक्का मारलेल्या कागदापुढे माणूस गप्प होतो. बाबा आणि काका पानावर बसले होते. आई वाढत होती. मी उभ्यानं वाचलं. जन्मठेपेपर्यंत आले तेव्हा बाबांचा घास हातातच राहिला. काका जेवत राहिला. शेवटच्या ओळीनंतर त्यानं हात न धुताच माझ्या हातातून कागद ओढला.

"जनार्दननं दिला व्हय तुला हा?"

"तहसीलमधून आणलाय. शिक्का बघा."

"शिक्के कोन पन मारतो." त्यानं कागद फाडला, तुकडे आमटीत टाकले. बाबांकडे वळून म्हणाला, "तुझी पोर त्यांच्या घरात जाऊन बसली, दादा. आता त्यांचंच पोट फाडतो, मंग बघू कोनचा कागद काय बोलतो."

त्यानं भिंतीवरचा कोयता काढला. दारात आई उभी होती, एका हातात भाताची कढई. ती बाजूला झाली नाही. तिनं माझ्याकडे पाहून विचारलं, "तिचं नाव बायजा व्हतं?" मी हो म्हटलं. पंचवीस वर्षं ती या घरात राबत होती, आणि या घरातल्या त्या बाईचं नाव तिनं त्या क्षणी पहिल्यांदा ऐकलं.

"वयनी, बाजूला हो," काका म्हणाला.

"न्हाय व्हनार," आई म्हणाली. "हितं बाईला मारून मंग गोष्ट दुसऱ्याच्या नावावर सांगतात. तुमी आज मला मारा, आन उद्या पोरांना सांगा जनार्दननं मारलं म्हनून."

काकानं कोयता आडवा फिरवला. तो तिच्या कानावर आणि मानेच्या कडेला लागला. कढई खाली पडली आणि गरम भात तिच्या पायांवर सांडला, आणि त्यावर रक्त इतक्या झपाट्यानं पसरलं की लाल भात कुठला आणि रक्त कुठलं ते कळेना. त्यानं पुन्हा हात वर केला. वरून खाली येणारा तो हात मी आजोबांचा पाहिला होता. बाबा जागेवरच होते, मूठ भाताची, तोंड उघडं. पाट्याजवळ वरवंटा पडला होता. मी तो दोन्ही हातांनी उचलला आणि काकाच्या गुडघ्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज ओल्या लाकडासारखा होता. तो पडला. मी पुन्हा वरवंटा उचलला, या वेळी त्याच्या डोक्यावर, आणि मी तो घातला असता. मला घालायचा होता. आईनं माझा परकर धरला. ती जमिनीवर होती, कान अर्धा लोंबत होता, आणि तिनं खालून माझा परकर धरून ठेवला आणि मान हलवत राहिली, नको, नको.

आळीत टेम्पो एकच होता, जनार्दनकाकांचा. मी त्यांच्या दारात गेले तेव्हा माझे हात कोपरापर्यंत लाल होते. नितेश ओटीवर होता, हाताला अजून पट्टी. मी काही बोलायच्या आत जनार्दनकाकांनी चावी घेतली. आईला मागे गोधडीवर ठेवलं, मी कानावर टॉवेल दाबून बसले. बाबा स्वतःहून चढले आणि त्यांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. नितेशही आला. त्यानं आपल्या धड हातानं फाळका धरला होता. अलिबागच्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला आई कण्हायची आणि जनार्दनकाका पुढून मागे न बघता म्हणायचे, "आलं, आलं."

मधेच बाबांनी विचारलं. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "जना, बायजाचं तुला ठाऊक व्हतं?"

मग जनार्दनकाका म्हणाले, "व्हय."

"कंदीपासून?"

"आमच्या घरात सगल्यांना ठाऊक हाय. धर्मानं बायजाला उघाडीवर मारलं, आमच्या आजानं त्याला धरून ठेवला. बारकी पोर व्हती अंगावरची. आजीनं तिला आपलं दूद पाजायचं बघितलं, पन ती घेईना. कमळू जगला. आमच्याच घरात वाढला, माज्या बापाच्या ताटात जेवला. मंग मोठेपनी दोघं उघाडीवरून भांडले, आन कमळूनं ही गोष्ट उलटी करून आपल्या पोरांना सांगितली. गावचे म्हातारे आजाला बोलले, पोशा, बोल कायतरी. आजा म्हनाला, मी वाढवलाय त्याला, त्याच्या पोरांसमोर खोटा कसा पाडू. आमाला शपथ घातली."

"आमी त्याला दगड मारायचो," बाबा म्हणाले.

"व्हय."

"तो वलून बगायचा न्हाय."

बाबांच्या तोंडून एक आवाज निघाला, तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, आणि त्यांनी आईच्या डोक्यावर आपलं तोंड टेकवलं. नितेशनं दुसरीकडे पाहिलं.

आईला एकोणीस टाके पडले. डाव्या कानानं तिला पुन्हा ऐकू आलं नाही. हवालदार जबाब घ्यायला आला तेव्हा त्यानं सवयीनं बाबांना विचारलं, घरगुती भांडण का, पडल्या का. बाबा भिंतीला टेकून उभे होते. "माज्या भावानं मारलं," ते म्हणाले, "कोयत्यानं. आन याच्या आधी बावीस-तेवीस वर्षं मी मारलं. ते पन लिवा." हवालदार म्हणाला, ते नको, त्याची तक्रार नाही. बाबा म्हणाले, "लिवा." त्यानं लिहिलं की नाही मला माहीत नाही. मी माझा जबाब दिला, वरवंट्यासकट.

काकाला दोन्ही प्रकरणांत मिळून बरीच शिक्षा झाली. तो लंगडत सुटून आला आणि पनवेलकडे निघून गेला, आमच्याशी बोलत नाही. त्याच्या पायाबद्दल मला वाईट वाटतं का, असं मला नवऱ्यानं एकदा विचारलं होतं. दुसऱ्यांदा उचललेला वरवंटा आईनं अडवला, एवढंच मी त्याला सांगितलं. बाबा एका रात्रीत बदलले असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण तसं झालं नाही. वर्षभरानं त्यांनी पुन्हा एकदा आईवर हात उचलला. आईनं पिशवी भरली आणि ती मावशीकडे गेली, अडीच महिने आली नाही. बाबा दर आठवड्याला जाऊन मावशीच्या ओट्यावर बसून यायचे, पाणीसुद्धा न घेता. ती परत आली ती तिच्या मनानं. त्यानंतर मात्र नाही. उघाडीचं जाळं आता एक दिवस आम्ही लावतो, एक दिवस नितेश. तो डाव्या हातानं गाठ मारायला शिकला आहे.

मला मात्र धर्मा सोडवत नव्हता. तो कुठल्या तुरुंगात होता, कधी मेला, हे शोधायला मी अर्ज लिहीत होते, जुन्या दप्तरांच्या सूच्या चाळत होते. आई एक दिवस जवळ येऊन उजवा कान पुढे करून बसली. काय चाललंय ते मी सांगितलं. "त्याचं काय करायचंय?" ती म्हणाली. "तिचं म्हायेर शोध."

फेरफारात मामाचं नाव होतं, गाव होतं. त्या गावच्या सातबाऱ्यांत मी वडिलांच्या नावाच्या जागी राघो घालून शोध घेतला. तीन नावं आली. दोन जणांचा राघो दुसराच निघाला, वयावरून. उरला एक, महादू राघो. आई, बाबा आणि मी, आम्ही तिघं पालीवरून पुढे गेलो. आईनं बल्लाळेश्वराला बाहेरूनच हात जोडले, थांबली नाही. महादूबाबा ऐंशीच्या घरातले होते, अंगणात नाचणी पाखडणाऱ्या सुनेजवळ बसलेले. बायजा म्हणजे त्यांची सख्खी आत्या. त्यांच्या घरात सांगायचे की ती खाडीत होडी उलटून गेली.

मी पिशवीतून कागद काढायला लागले, तर बाबांनी माझा हात धरला. ते अंगणातच खाली बसले, महादूबाबांच्या समोर. "होडी न्हाय उलटली," ते म्हणाले. "माज्या आज्यानं मारली तिला. कोयत्यानं. तुमच्या बापाला ठाऊक व्हतं." सुनेच्या हातातलं सूप थांबलं. महादूबाबांनी बाबांकडे पाहिलं, मग आईच्या मानेवरच्या वणाकडे पाहिलं. सून आत जाऊन पाणी घेऊन आली. आम्ही प्यायलो.

"तिला पोरगी झाली व्हती का?" महादूबाबांनी एकदम विचारलं.

मी सांगितलं. महिन्याची होती, चार दिवसांनी गेली, वहीत नाव नाही.

"माजा बाप दारू प्यायला की एक नाव घेऊन रडायचा," ते म्हणाले. "आमी भावंडं हसायचो, कोन बाई ठेवली असंल म्हनून. आयेनं पन इचारलं, त्यानं कंदी सांगितलं न्हाय. चांगुणा, चांगुणा करायचा. ती बायजाची पोर असनार. माजा बाप तिचा मामा, त्यानं तिला बघितली असनार."

आईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी स्वतः काढलेल्या वंशावळीचा कागद मांडीवर पसरला, बायजाच्या खाली, कमळूच्या शेजारी रिकामी ठेवलेली जागा शोधली, आणि तिथं लिहिलं, चांगुणा धर्मा, वय एक महिना. महादूबाबांनी वाचून दाखव म्हटलं. मी मोठ्यानं वाचलं, आईलाही ऐकू जाईल असं.